गिमवीच्या पाण्यातील कृमी

आम्ही कोकणची माणसे. नदी, तळी, विहिरी यांच्या आठवणी आम्ही परदेशी येताना बरोबर आणल्या. त्याच कोकणातील एका पाण्याची हकिकत आमच्या वाचकांना ठाऊक असावी, असे वाटते.

लघवीतून रक्त पाडणारा बिल्हार्झिया हा रोग मुख्यतः मिसर देशाचा समजला जाई. रूफर यांना १९१० साली तेथील प्राचीन ममींमध्ये त्याची अंडी सापडली. त्याचा कृमी बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांनी १८५१ साली कैरोत शोधला होता. परंतु १९५२ साली गाडगीळ व शहा या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी या रोगाचे ठाणे असल्याचे जाहीर केले.

शोध लागला तो आधी माणसात, मग पाण्यात. रोग्याच्या लघवीत, सूक्ष्मदर्शकाखाली, एका टोकास काटा असलेली अंडी दिसतात. गोड्या पाण्यात पडताच ती फुटतात आणि आतील जीव गोगलगायीत शिरतो. आफ्रिकेत ज्या जातीची गोगलगाय हे काम करते, ती येथे नव्हती. गाडगीळ व शहा यांनी फेरिसिया टेन्युइस या चिमुकल्या गोगलगायीकडे बोट दाखविले.

अशी तपासणी करण्याची रीत साधी आहे. पाण्यातील गोगलगायी वेचून स्वच्छ पाण्याच्या नळीत, उजेडात ठेवायच्या. कृमी असेल तर दुभंगलेल्या शेपटीची पिल्ले बाहेर पडतात. हीच पिल्ले आंघोळ करणाऱ्याच्या कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. म्हणून पिण्याचे पाणी उकळण्याची आपली चांगली सवय येथे उपयोगी पडत नाही.

पुढे १९९१ साली गिमवीच्या लोकांच्या रक्ताच्या एलायझा चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. आता तर पाणी गाळून त्यातील कृमीचा डी.एन.ए.ही शोधता येतो.

हे सर्व जुने म्हणून सोडून देऊ नये. आमची मुले लष्करी सेवा संपवून आफ्रिकेच्या प्रवासाला जातात आणि मलावी सरोवरासारख्या नितळ पाण्यात पोहतात. तेथे हा कृमी आजही आहे. परत आल्यावर काही त्रास नसला, तरी आपण कोठे पोहलो ते त्यांनी डॉक्टरांना सांगावे व रक्त-लघवी तपासून घ्यावी. प्राझिक्वांटेल हे त्यावरचे गुणकारी औषध आहे. पाण्याचा नितळपणा ही निर्धोकपणाची खूण नव्हे, एवढे गिमवीने आम्हांस शिकविले आहे.