एका मुळाची हकीकत

कंदमुळं अनंतकाय, म्हणून आपल्या घरांत वर्ज्य. पान खुडलं तर झाड जगतं, मूळ उपटलं की सगळंच संपतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही हकीकत अशाच एका मुळाची आहे.

कझाकस्तानात तिएनशान पर्वताच्या खोऱ्यांत डँडेलियनची एक रानटी जात उगवते, कोक-सागीझ. फूल पिवळं, बी मात्र आपल्या रुईच्या म्हाताऱ्यांसारखं वाऱ्यावर तरंगणारं. तिच्या मुळातल्या चिकात रबर असतं, म्हणून तिथली माणसं ते मूळ चघळत. रबरासाठी परदेशाकडे हात पसरायला नको, म्हणून सोव्हिएत सरकारने १९३० नंतर तिची शेती सुरू केली.

१९४२ मध्ये मलाया आणि इंडोनेशिया जपानने घेतले. रबराचे मळे गेले, तेव्हा अमेरिकेनेही रशियातून हे बी मागवून पेरलं. जर्मनीला तर समुद्राची वाटच बंद होती. रशियाच्या जिंकलेल्या मुलखात हे पीक हाती लागलं आणि आउशवित्झच्या छळछावणीजवळ, रायस्को गावात, त्याच्या संशोधनाचं केंद्र उभं राहिलं. राबायला छावणीतल्या कैदी बायका होत्याच.

२४ जानेवारी १९४३ ला फ्रान्समधून २३० बायकांना आउशवित्झला नेण्यात आलं. त्यांत रसायनशास्त्र शिकलेली मारी-एलिझा नॉर्डमन होती, नाटकमंडळीत काम करणारी शार्लोट डेल्बोही होती. दोघींना पुढे रायस्कोला पाठवलं. मुख्य छावणीपेक्षा तिथे जगणं थोडं सुसह्य होतं. म्हणजे ज्या युद्धासाठी हे रबर हवं होतं, त्याच्याच कैदेत या मुळाच्या आधाराने काहीजणी तगल्या. तरी २३० पैकी परत आल्या फक्त ४९. डेल्बोने पुढे त्या सगळ्याजणींची माहिती गोळा करून पुस्तक लिहिलं.

युद्ध संपलं, झाडाचं रबर पुन्हा मिळू लागलं, कृत्रिमही स्वस्त झालं, आणि ही शेती मागे पडली. आता पुन्हा तिची आठवण झाली आहे. २०१९ मध्ये जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीने या रबराचे सायकलचे टायर बाजारात आणले. निसर्गाला जपणारं म्हणून कौतुक होतंय, होऊ दे. आपण मुळातले जीव मोजणारी माणसं. ते मूळ कुणाच्या हातांनी, कुणाच्या धाकाने निघालं, तेही मोजायला हवं ना?