परगावच्या मल्लाची तालीम

गाव सुटले की व्यायाम सुटतो, हा अनुभव इतका सर्वांच्या परिचयाचा आहे की त्याचे कारण शोधावे असे कोणाला वाटत नाही. परक्या शहरात आठ-पंधरा दिवसांचे काम निघते, मुक्काम लॉजवर पडतो, सकाळ धावपळीत जाते आणि वर्षभर नेमाने चाललेली मेहनत बंद पडते. मग माणूस स्वतःच्या आळसाला बोल लावतो. मला हे निदान अपुरे वाटते. परगावी व्यायाम टिकतो की मोडतो, हे माणसाच्या निश्चयापेक्षा त्या शहराने बाहेरून आलेल्यासाठी काय सोय केली आहे, यावर जास्त अवलंबून असते. हे पटवून द्यायला आजच्या जिमपेक्षा शंभर वर्षांपूर्वीचे कोल्हापूर अधिक उपयोगी पडते. तिथल्या कुस्तीच्या तालमींचा लौकिक ज्या मल्लांमुळे झाला, त्यांतले बहुतेक कोल्हापूरचे नव्हते. ते आले होते. आलेल्या माणसाची मेहनत एक दिवसही खंडू नये यासाठी त्या शहराने जी व्यवस्था उभी केली, तिच्याकडे कुस्तीच्या इतिहासात पुरेसे लक्ष गेलेले नाही. डाव, जोड आणि इनाम यांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. मल्ल झोपत कुठे होता, जेवत काय होता आणि त्याच्याशी रोज लढत कोण होते, हे मात्र बाजूला पडते.

राजर्षी शाहू महाराजांच्या हाती 1894 साली कोल्हापूरचा कारभार आला. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि परतल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. 1912 मध्ये ते पुरे झाले. मध्ये मातीचा आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना. शाहू महाराजांच्या कुस्तीप्रेमाची साक्ष म्हणून नेहमी याच मैदानाकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. पण मैदान वर्षातून काही दिवस गाजते. मल्ल घडतो तो उरलेल्या दिवसांत. त्या दिवसांची व्यवस्था समजून घ्यायची तर महाराजांचे दुसरे एक काम कुस्तीच्या शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. 1901 पासून त्यांनी कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम आणि इतर अनेक समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करायला मदत केली. खेड्यातला मुलगा शाळेत नाव घालूनही टिकत नाही, कारण शहरात त्याला डोके टेकायला जागा नसते आणि दोन वेळच्या भाकरीची शाश्वती नसते, हे त्यांनी ओळखले होते. शिक्षण फुकट करून भागत नाही, शिकायला आलेल्याला शहरात राहता आले पाहिजे. मल्लांना मिळालेल्या राजाश्रयामागेही हाच विचार दिसतो. दोन्हीकडे प्रश्न परगावाहून आलेल्या तरुणाचा होता.

कोल्हापुरात तालमी दोन प्रकारच्या आहेत, आणि हा भेद ध्यानात घेतला नाही तर गोंधळ होतो. पेठापेठांत असलेली तालीम ही त्या पेठेची बैठकीची जागा. गणेशोत्सव, भांडणतंटा, निवडणूक, सगळे तिथूनच चालते. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या कुस्तीच्या तालमी मात्र निवासी. सांगली, सातारा, सोलापूर, मराठवाडा, सीमाभागातली गावे, आणि एकेकाळी थेट पंजाबापासून मल्ल इथे येऊन राहत. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे; पुढे ते मोतीबागेचे वस्ताद झाले. हरिश्चंद्र बिराजदार तर लातूरकडच्या रामलिंग मुदगडहून आले आणि गंगावेश तालमीत घडले. या तिघांनाही कोल्हापूरचे मल्ल म्हणताना कोणी अडखळत नाही. परक्या शहरात व्यायाम चालू ठेवणे हा त्यांच्या आयुष्यातला अपवादाचा काळ नव्हता, तेच त्यांचे आयुष्य होते.

अशा तालमीत नवा मुलगा येतो तेव्हा काय होते, हे थोडे जवळून पाहू. पहाटे चारच्या सुमारास उठायचे. पहिले काम मातीचे: फावड्याने हौदा खणायचा, ढेकळे फोडायची, माती वरखाली करून सारखी करायची. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती मऊ राखलेली असते आणि रोज खणली नाही तर ती दगड होते. नव्या मुलाच्या हाती बहुधा आधी फावडेच येते. हे हलके काम समजण्याचे कारण नाही. खांदे, कंबर आणि मनगट यांची निम्मी मेहनत त्यातच होते, आणि ज्या मातीवर पडायचे आहे तिची ओळख पटते. मग जोर, बैठका, दोरावर चढणे, आणि त्यानंतर लढती. वस्ताद काठावर बसून पाहतो. आलेला मुलगा किती पाण्यात आहे, हे त्याला विचारावे लागत नाही; मानेची जाडी आणि मातीत घासून घट्ट झालेले कान पुरेसे असतात. तो जोड ठरवतो: याने याच्याशी धरायचे, त्याने त्याच्याशी. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात स्वयंपाक, बदाम घोटून केलेली थंडाई आणि झोप. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन येत आणि समोर पिळलेले, फेसाळते दूध मल्लाच्या पेल्यात पडे. जागा, खुराक, जोडीदार आणि नजर ठेवणारा वस्ताद: परगावी आलेल्याला ज्या चार गोष्टींची उणीव भासते, त्या चारही एका छपराखाली किंवा चार पावलांवर होत्या. इतके असल्यावर निश्चयावर फारसा भार पडत नाही. सगळे उठले की आपणही उठतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ही राजाश्रयाची आणि धंदेवाईक मल्लांची गोष्ट आहे; पोटासाठी राबणाऱ्या साध्या माणसाला तिचा काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. राजाचा हात नसता तर कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाले नसते, हे मान्यच. पण शाहू महाराज 1922 साली गेले, पुढे संस्थानही विलीन झाले, तरी वर सांगितलेले तिघेही मल्ल त्यानंतरच्या काळातले आहेत. म्हणजे व्यवस्था राजाबरोबर संपली नाही. आणि साध्या माणसाचे म्हणाल, तर मुंबईचे गिरणगाव पाहावे. 1911 च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर पाच माणसांतली चार शहराबाहेर जन्मलेली होती. कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत, खानावळीत जेवत आणि बायकामुले गावी ठेवून गिरणीत राबत. अशा वस्तीत व्यायामशाळा आणि आखाडे जागोजाग होते. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांच्या इतिहासात या व्यायामशाळांना मोठे स्थान दिले आहे: त्या वस्तीतल्या ओळखीपाळखीच्या, दादांच्या वर्चस्वाच्या आणि संपाच्या दिवसांतल्या जमवाजमवीच्याही जागा होत्या. त्यांत गुंडगिरीही शिरली, हे त्यांनी लपवलेले नाही. पण माझ्या मुद्द्यापुरते महत्त्वाचे हे, की दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या, शहरात परक्या असलेल्या माणसानेही मेहनतीची जागा सोडली नाही, कारण त्या जागेत त्याला ओळखणारी माणसे होती.

पश्चिमेतही गोष्ट याहून फार निराळी नव्हती. वायएमसीए ही संस्था 1844 साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानातल्या नोकराने सुरू केली. तो सॉमरसेटच्या खेड्यातून शहरात आला होता आणि संस्था त्याच्यासारख्याच एकट्या पडलेल्या तरुणांसाठी होती. सुरुवातीचा हेतू प्रार्थना आणि सोबत एवढाच होता. न्यूयॉर्कच्या शाखेने 1869 मध्ये बांधलेल्या इमारतीत व्यायामशाळा आली आणि पुढे अनेक शहरांत राहण्याच्या खोल्याही त्याच इमारतीत आल्या. कोल्हापूरच्या तालमीचा आणि या संस्थेचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोघींनी एकच उत्तर शोधले: राहण्याची जागा आणि मेहनतीची जागा एकत्र आणायची.

या मताची उलटी पारखही करता येते. 1910 साली मल्ल गामा आपला भाऊ इमामबक्ष याच्यासह लंडनला गेला. तिथे त्याच्या पद्धतीची तालीम नव्हती, माती नव्हती, अंगावर घ्यायला जोडीदार नव्हते. म्हणून सगळे बरोबरच न्यावे लागले. भाऊ हाच रोजचा जोडीदार. सप्टेंबरमध्ये झालेल्या लढतीत पोलंडचा झ्बिस्को दोन तासांहून अधिक काळ मॅटला चिकटून राहिला आणि आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या लढतीला फिरकलाच नाही. गामा जिंकला, पण तो एक लहानशी तालीम सोबत घेऊन गेला होता म्हणून. दोनच वर्षांनी हाच इमामबक्ष खासबागेच्या पहिल्या मोठ्या कुस्तीत गुलाम मोहिद्दीनविरुद्ध उतरल्याचे कोल्हापूरच्या कुस्तीच्या इतिहासात सांगितले जाते. तोही परगावीच आला होता. फरक इतकाच, की या परगावात त्याच्या मेहनतीला लागणारे सगळे आधीपासून होते. खाशाबा जाधवांचे उदाहरण याहून बोलके आहे. गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकला आणि मातीत घडला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकसाठी गेल्यावर त्याला मॅटवर, परक्या नियमांनी लढावे लागले. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्याला शिकवले आणि खाशाबा सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला त्याने कांस्यपदक मिळवले, तेही कोल्हापुरातले प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून पैसे उभे केले तेव्हा. खाशाबाची जिद्द कोण नाकारील? पण त्या जिद्दीला लंडनमध्ये एक परका शिक्षक आणि कोल्हापुरात एक प्राचार्य लागला, हेही तितकेच खरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ही व्यवस्था पुरुषांची होती. तालमीच्या उंबऱ्यावर बाईने पाऊल टाकायचे नाही, हा नियम कोणी लिहिला नव्हता, पण तो पाळला जात होता. 1950 च्या दशकात उत्तरेकडची हमीदा बानू पुरुष मल्लांशी लढत गावोगाव फिरत होती. 1954 मध्ये बडोद्यात तिने बाबा पैलवानाला दोन मिनिटांच्या आत चीत केले. तीच कोल्हापूरला आली आणि पुरुषाला हरवून बसली, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. पंजाबच्या मल्लाला खांद्यावर घेणाऱ्या गावाने हे केले, याचे दुःख वाटते. यावरून तालमीचा मोठेपणा खोटा ठरतो, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. उलट हमीदा बानूचा अनुभव माझ्या म्हणण्याला दुजोराच देतो: तिच्या अंगी जिद्द आणि ताकद कोणापेक्षा कमी नव्हती, पण एकाही शहराने तिला रोज उठून जायची माती दिली नाही. ज्यांना दिली त्यांची परंपरा झाली. तिच्यामागे परंपरा उभी राहिली नाही. महाराष्ट्रात मुली मोठ्या संख्येने कुस्तीत दिसू लागायला पुढे कित्येक दशके जावी लागली.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता कोणत्याही मोठ्या शहरात एका दिवसाचे पैसे भरून जिममध्ये जाता येते, हॉटेलात ट्रेडमिल असते, मोबाइलवर शिक्षक असतो; मग जुन्या तालमीचे कौतुक कशाला? साधने वाढली, हे खरेच. पुण्या-मुंबईत परगावाहून आलेल्या मुलीला आज निर्धास्तपणे व्यायाम करता येतो, हा लाभ मी कमी लेखणार नाही. जुनी तालीम तो देऊ शकली नसती. पण एका दिवसाच्या पासाने मिळते ते यंत्र. उद्या तो माणूस आला नाही, तर कोणाच्या ध्यानात येत नाही. तालमीत नवा मुलगा पहाटे हौद्यात दिसला नाही तर वस्ताद त्याच्या अंथरुणापाशी जाई. ही नजर पैशाने तासावर मिळत नाही, आणि नेमकी तीच गेल्याने आजचा प्रवासी सगळा भार स्वतःच्या निश्चयावर घेऊन फिरतो.

कोल्हापूरच्या निवासी तालमी आजही चालू आहेत. मातीच्या शेजारी मॅट आली आहे, कारण सरकारी स्पर्धा मॅटवर होतात. पण परक्याला आपल्यात घेण्याची ही सवय कुस्तीबाहेरही टिकली आहे, याचा सर्वांत ठळक पुरावा फुटबॉलमध्ये सापडतो. शहरातल्या फुटबॉल संघांची नावे आजही तालमींचीच आहेत: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. पेठेपेठेतली चुरस जुनीच आहे आणि सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियम दणाणून जाते. या संघांतून गेल्या काही वर्षांत नायजेरियातून आलेले खेळाडू खेळले आहेत. पेठेची तालीम त्यांना आपल्या रंगाची जर्सी देते, आणि पेठेतली पोरे त्यांच्या नावाने ओरडतात.