शीर आणि खीर

ईद-उल-फित्रच्या सुमारास मराठी वर्तमानपत्र उघडले की ‘शिरकुर्मा’ हा शब्द हमखास छापलेला दिसतो. छापलेल्या शब्दांच्या चुका काढण्याची आम्हाला हौस नाही. ती वर्गातल्या वह्या तपासताना पुरेशी भागते. पण या ‘कुर्म्या’ने एकदा आमचा डबा परत पाठवला. शेजारच्या काकूंचे घर शाकाहारी. कुर्मा म्हणजे त्यात मटण असणारच, असे त्यांना वाटले. बोलल्या काहीच नाहीत. डबा मात्र जसाच्या तसा परत आला आणि अम्मीला ते फार लागले.

कोर्मा हा शब्द भाजणे-परतणे या अर्थाच्या तुर्की मुळातून आला आहे. खुर्मा वेगळा. फारसीत खुर्मा म्हणजे खजूर आणि शीर म्हणजे दूध. दूध-खजूर, एवढाच शीरखुर्म्याचा अर्थ. ईद-उल-फित्रच्या नमाजला निघण्यापूर्वी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) विषम संख्येने खजूर खात, अशी हजरत अनस यांची रिवायत बुखारीत आहे. ईदच्या सकाळी खजुराला मान आहे तो त्यामुळे.

पुढे एका प्रशिक्षण वर्गात जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला. एक शिक्षकमित्र म्हणाले, “म्हणजे तुमचा हा पदार्थ इराणचाच की!” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण इतिहास शिकवणाऱ्याला असे वाक्य स्वस्थ बसू देत नाही.

फारसी ‘शीर’ आणि संस्कृत ‘क्षीर’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. क्षीरचीच पुढे खीर झाली. म्हणजे शीर आणि खीर या सख्ख्या बहिणी. एक इराणात वाढली, एक इथे. तांदळाला फारसीत ‘बिरंज’ म्हणतात. त्याचेही नाते अभ्यासक संस्कृत ‘व्रीही’शी जोडतात. साखरेची गोष्ट याहून मजेची. इथली शर्करा इराणात जाऊन ‘शकर’ झाली, इथला खंड ‘कंद’ झाला आणि तिकडून ‘शकरपारा’ होऊन परत आला. दिवाळीच्या फराळात आपण त्याला शंकरपाळी म्हणतो. बदाम, पिस्ता, अंजीर ही फारसी नावे. बेदाणा म्हणजे ज्यात दाणा नाही तो. इतके शब्द रोज तोंडात असताना आतले कोण आणि बाहेरचे कोण, याचा हिशेब कुठून सुरू करायचा?

दुधाच्या गोड पदार्थांची आवड दख्खनला सुलतानांच्या आधीपासून आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि दुधाच्या मिठाईच्या कृतीही आहेत. 1500 च्या आसपास माळव्यातील मांडूच्या दरबारात फारसीत ‘निमतनामा’ लिहिला गेला, तोही पाककृतींचाच ग्रंथ.

आमचा जीव मात्र ‘आईन-ए-अकबरी’वर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने त्यात सैन्य, महसूल, टांकसाळ यांच्यासोबत मुदपाकखान्याचाही हिशेब मांडला. ‘सूफियाना’ म्हणजे बिनमांसाच्या पदार्थांत त्याने शीरबिरंज दिली आहे: दूध 10 शेर, तांदूळ 1 शेर, खडीसाखर 1 शेर, मीठ 1 दाम. बादशहाच्या खिरीत मीठ! सातवीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “टीचर, बावर्ची चुकला असेल.” बावर्ची चुकलेला नाही. केशर घातलेल्या गोड भातात, म्हणजे जर्द बिरंजमध्ये, 10 शेर तांदळाला पाव शेर मीठ आणि अर्धा पाव ताजे आलेही आहे.

अकबराच्या काळचा शेर 30 दामांचा आणि दाम साधारण 21 ग्रॅमचा. आम्ही वर्गातच फळ्यावर गणित मांडले. 1 लिटर दुधाला 100 ग्रॅम तांदूळ, तेवढीच साखर आणि जेमतेम अर्धा चहाचा चमचा मीठ. त्या रविवारी घरी करून पाहिले. मीठ अगदी शेवटी घातले, कारण दूध नासायची भीती. अम्मीने आधी नाक मुरडले, मग दुसरी वाटी मागितली. मीठ खारट लागत नाही, दुधाची आणि साखरेची चव वर आणते. आमच्या जिभेला अर्धा चमचा किंचित जास्त वाटला. आता आम्ही पाव चमचा घालतो आणि शीरखुर्म्यातही घालतो.

या शाही कृतीत शेवया नाहीत, हेही सांगून टाकावे. आणि खरी चव आगीवर ठरते. दूध रुंद पातेल्यात मंद आचेवर तासभर आटवायचे, कडेची साय खुरचून पुन्हा आत सोडायची. दुधातली साखर आणि प्रथिने उष्णतेने एकमेकांवर काम करतात, तेव्हा तो किंचित बदामी रंग आणि खमंगपणा येतो. डब्यातले गोड आटीव दूध घातले की वेळ वाचतो आणि गोडी वाढते. पण पातेल्याच्या कडेचा तो वास त्यात नसतो. शेवया तुपात तांबूस होईपर्यंत भाजायच्या, बदाम-पिस्ते आणि चारोळी वेगळी परतायची. खारीक रात्रभर भिजवून, चिरून, दुधातच शिजू द्यायची. साखर सर्वांत शेवटी आणि हात राखून, कारण खारीक आपली गोडी सोडतेच. चारोळी आपल्या जंगलांतली, सातपुड्यातही होते. पिस्ता इराण-अफगाणिस्तानकडचा, खारीक त्याहून पश्चिमेची, दूध गल्लीतल्या गवळ्याचे.

पुढच्या ईदला डब्यासोबत आम्ही एक चिठ्ठी पाठवली. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर, मांस नाही, असे तीन ओळींत लिहिले. संध्याकाळी डबा आला तो घासूनपुसून, आत साखर घातलेला. रिकामा डबा परत करायचा नाही, ही रीत त्यांच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. मागोमाग काकू दारात आल्या आणि अम्मीला विचारू लागल्या, “खारीक इतकी मऊ कशी हो होते तुमची?”