लाल-हिरव्या झेंड्याचा आमदार : जनकलाल ठाकूर

आज आपण छत्तीसगडात जाणार आहोत. नागपूरहून हावड्याची गाडी धरली, की दुर्गनंतर भिलाई येतं. हा मुलूख काही आपल्याला परका नाही. १९५६ पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगड एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर.

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला. पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. या भट्टीला लोहखनिज लागतं. ते येतं दक्षिणेकडच्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतून. कारखान्यातल्या कायम कामगाराला पगार, क्वार्टर, दवाखाना मिळाला. खाणीत हाताने दगड फोडणारे मात्र ठेकेदाराचे मजूर होते. त्यांत आदिवासी पुष्कळ, बायकाही पुष्कळ.

१९७७ मध्ये या मजुरांनी स्वतःची युनियन काढली. नेते होते शंकर गुहा नियोगी. मागण्या तरी काय? काम नसलेल्या दिवसाची मजुरी आणि पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारायला भत्ता. जूनच्या सुरुवातीला पोलिसांनी गोळीबार केला, ११ जण गेले. पण युनियन टिकली. तिने दारूबंदीची मोहीम चालवली आणि १९८३ मध्ये मजुरांच्या वर्गणीतून 'शहीद रुग्णालय' सुरू केलं. १८५७ साली रायपूरला फाशी गेलेला सोनाखानचा आदिवासी जमीनदार वीर नारायण सिंह तिने पुन्हा लोकांपुढे आणला. यातूनच छत्तीसगड मुक्ती मोर्चा उभा राहिला. झेंडा लाल-हिरवा. लाल रंग कामगाराचा, हिरवा शेतकऱ्याचा.

या मोर्चाचे आमदार म्हणजे जनकलाल ठाकूर. आडनावावरून गैरसमज नको. छत्तीसगडात हलबा आणि गोंड समाजातही ठाकूर आडनाव सर्रास आढळतं. खाणींच्या शेजारचा डौंडी लोहारा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तिथून १९८५ मध्ये ते मध्य प्रदेश विधानसभेत गेले. मोठ्या पक्षाचं तिकीट नव्हतं, पाठीशी होती ती युनियन.

१९९० मध्ये जागा हातची गेली. त्याच सुमारास मोर्चाने भिलाईतल्या खाजगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी भिलाईत झोपेत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. खालच्या कोर्टाने उद्योगपतींनाही दोषी धरलं. पण २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात शिक्षा टिकली ती फक्त गोळी झाडणाऱ्याची.

मधल्या काळात, १ जुलै १९९२ रोजी, कामावरून काढलेल्या मजुरांनी भिलाई पॉवर हाऊस स्टेशनवर रेल्वे अडवली. पोलिसांच्या गोळीबारात १६ कामगार मेले. आता हे आंदोलन संपलं, असं वाटावं अशीच ती वेळ होती. पण १९९३ च्या निवडणुकीत डौंडी लोहाराने जनकलाल ठाकूर यांनाच पुन्हा निवडून दिलं. नेता मारला गेला, माणसं मारली गेली, तरी मतदार हलला नाही.

तिसऱ्यांदा मात्र ते विधानसभेत पोचले नाहीत. २००० मध्ये छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि राजकारण दोन मोठ्या पक्षांत वाटलं गेलं. एकटा आमदार भोपाळच्या सभागृहात कितीसं करणार, हा प्रश्न रास्तच आहे. दवाखाना, दारूबंदी, मजुरीवाढ ही कामं युनियनच्या बळावर झाली होती, आमदारकीच्या नव्हे.

तरीही या दोन विजयांचं मोल आहे. राखीव जागा एवढंच ठरवते, की खुर्चीत आदिवासी माणूस बसेल. तो कोणाला जबाबदार राहील, हे ती ठरवत नाही. बहुतेकदा तिकीट देणारा पक्षच मालक होतो. इथे मालक होती खाणीतली माणसं.

महाराष्ट्राच्या विधानसभेतही २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्यांतल्या किती आमदारांच्या पाठीशी अशी स्वतःची संघटना आहे? जरा आठवून पाहा.