परिषद भरवण्याआधी केरळकडे पाहू या

शाळा आणि मुक्त सॉफ्टवेअर यांची भारतातली गोष्ट सांगायची तर सुरुवात तिरुवनंतपुरमपासून करावी लागते. २० जुलै २००१ रोजी तिथे झालेल्या एका परिषदेत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन स्वतः हजर होते. सॉफ्टवेअर हवे तसे वापरता यावे, ते आतून कसे चालते हे पाहता यावे, त्यात बदल करता यावा आणि ते दुसऱ्याला देता यावे, एवढीच त्यांची मागणी. ती ते १९८३ पासून मांडत होते. आम्ही काही उर्दू आणि मराठी शाळांचे शिक्षक याच विषयावर एक दिवसाची परिषद घ्यायचे म्हणतो आहोत. तिची आखणी करताना मला केरळचा हा इतिहास पुन्हा वाचावासा वाटला.

अशा इतिहासात परदेशी पाहुण्याचे नाव मोठे होते आणि शिक्षक मागे पडतात. केरळमध्ये शास्त्रज्ञ यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाच्या शिफारशींवरून २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा सरकारी प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीचे पाठ्यपुस्तक विंडोज आणि त्यावरच्या ऑफिस प्रणालीवर बेतलेले होते. त्याला आक्षेप घेतला तो शिक्षकांच्या संघटनेने. सरकारी शाळेचे पुस्तक एका कंपनीच्या मालाचे माहितीपत्रक का व्हावे, असा त्या आक्षेपाचा गाभा होता. पुस्तक रोज हातात धरणाऱ्या माणसालाच असा प्रश्न पडू शकतो.

नुसता निषेध करून ते थांबले असते तर आज कोणी त्यांची आठवण काढली नसती. केरळात शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार झाले आणि शाळाशाळांत एकेका शिक्षकाकडे संगणकाची जबाबदारी आली. शाळांसाठी लिनक्सची वेगळी आवृत्ती बांधली गेली. पाठ्यपुस्तक बदलले आणि काही वर्षांत दहावीची प्रात्यक्षिक परीक्षाही मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली. २००६ मध्ये स्टॉलमन पुन्हा केरळात आले तेव्हा वर्तमानपत्रांनी बदलाचे श्रेय त्यांना दिले, पण जमीन आधीच नांगरलेली होती. पुढे २०१७ मध्ये या प्रकल्पाचे 'काइट' नावाच्या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर नवी आवृत्ती घालताना परवाना शुल्काचे सुमारे ३००० कोटी रुपये वाचतील, असा हिशेब काइटने मांडला.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारे छोटे लॅपटॉप मिळाले होते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातली मंडळी या विषयावर बरीच वर्षे काम करत आली आहेत. पण इथला प्रयोग प्रयोगच राहिला आणि केरळचा मात्र रुजला. मला यातला फरक तीन शब्दांत दिसतो : पुस्तक, परीक्षा, प्रशिक्षण. या तिन्हींत जे शिरत नाही ते शाळेत टिकत नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल.

पण मला केरळकडे ओढणारी गोष्ट पैशांची नाही, लिपीची आहे. टंकलेखन यंत्राच्या सोयीसाठी १९७१ मध्ये मल्याळम लिपी सुटसुटीत केली गेली. जोडाक्षरे तुटली, जुनी वळणे गेली. संगणक आल्यावर ही काटछाट गरजेची उरली नव्हती. १९९९ मध्ये 'रचना' या गटाने मूळ लिपी परत आणण्याची चळवळ सुरू केली. चित्रजकुमार आणि के. एच. हुसेन ही त्यातली ठळक नावे. हुसेन यांनी घडवलेले 'रचना' आणि 'मीरा' हे फॉन्ट आज कोणीही फुकट घेऊ शकतो आणि सुधारूही शकतो. यंत्रासाठी मोडलेली लिपी यंत्रावरच पुन्हा उभी राहिली.

उर्दूवाल्यांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. नस्तालिकची तिरकी, एकावर एक चढणारी अक्षरे शिशाच्या खिळ्यांत बसेनात, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे दशकानुदशके कातिबांच्या हातावर चालली. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालिक आले आणि लाहोरचा 'जंग' त्यात छापला जाऊ लागला. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीचे इनपेज आले. त्याने उर्दू छपाईवर मोठे उपकार केले, हे मान्यच करायला हवे. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. तो दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रणालीत सरळ उघडत नसे. जुन्या मराठी डीटीपी फॉन्टचीही हीच गत. ते सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका म्हणजे नुसती चिन्हांची रांग. मजकूर आपला, भाषा आपली, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

आज ही अडचण राहिलेली नाही. २०१४ मध्ये नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट खुला झाला. मराठीसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता आहे, लोहित आहे. तरीही अनेक उर्दू शाळांत मूल संगणकावर आपले नाव नस्ख वळणात पाहते आणि वहीत नस्तालिकमध्ये लिहिते. साधन आहे, ते शाळेपर्यंत पोहोचवणारा माणूस कमी पडतो.

आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. मदिन्यातल्या रूमाच्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. वक्फमध्ये देणाऱ्याची अट पुढच्या प्रत्येकावर बंधनकारक असते : उपभोग सर्वांचा, विक्री कोणाचीच नाही. जीपीएल नावाच्या परवान्यातही अशीच एक अट आहे. सुधारून पुढे द्यायचे असेल तर त्याच मोकळेपणाने द्या. शरियतच्या दृष्टीने दोन्ही एक आहेत असे मी म्हणत नाही, कारण या परवान्यात प्रत विकायलाही मुभा आहे. पण ज्या समाजाने विहिरी आणि मदरसे असे खुले ठेवले, त्याला ही भाषा लवकर कळावी.

म्हणून परिषदेसाठी माझ्या चार सूचना आहेत. एक, दिवसभर व्यासपीठावर तज्ज्ञ आणि खाली शिक्षक अशी मांडणी नको. सकाळी शिक्षकांनी आपापली पाठ्यपुस्तके घेऊन बसावे आणि कोणता धडा कोणत्या मुक्त साधनाने शिकवता येईल हे ठरवावे. दोन, उर्दू आणि मराठी युनिकोड टंकलेखनाचे सत्र सर्वांसाठी एकत्र असावे. उर्दू शाळेत मराठीही शिकवली जाते आणि अडचण दोघांची सारखीच आहे. तीन, केरळच्या एखाद्या अधिकाऱ्याऐवजी तिथल्या शाळेत संगणक सांभाळणाऱ्या शिक्षकाला बोलवावे. चार, उद्घाटनाच्या हारतुऱ्यांचा खर्च वाचवून दहा जुने संगणक दुरुस्त करावेत आणि संध्याकाळी ते लिनक्ससह शाळांना द्यावेत.

ठराव किती झाले यावरून मी या परिषदेचे यश मोजणार नाही. पुढच्या सहामाहीत किती शाळांनी आपली प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टाइप केली, एवढे मोजले तरी पुरे.