पंढरपूरचे हुसेन आणि भिंतभर उजेड

जानेवारी २०२३ मध्ये कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ‘व्हॅन गॉग ३६०’ हे प्रदर्शन लागलं, तेव्हा त्याची चर्चा बोरिवली-मुलुंडपर्यंत पोहोचली. अंधारं दालन, चारी भिंतींवर आणि पायाखाली प्रोजेक्टरने पाडलेली चित्रं, सोबत संगीत. व्हॅन गॉगच्या हातचं एकही चित्र तिथे नव्हतं. यावर जाणकारांनी नाकं मुरडली, की ही कला नाही, ही जत्रा आहे.

मला ही तक्रार फारशी पटत नाही. चित्राची नक्कल लोकांपर्यंत नेण्याचा उद्योग मुंबईला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना काही वर्षं आपल्या घाटकोपरला होता, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यातली लक्ष्मी आणि सरस्वती तिथून छापील कागदावर उतरली आणि चाळीतल्या भिंतीवर खिळ्याला लागली. मूळ तैलचित्र ज्यांनी जन्मात पाहिलं नसतं, त्यांच्या डोळ्यांत रविवर्मा बसला तो या नकलेमुळे. आता कागदाऐवजी उजेड आहे, एवढंच.

पण असल्या दालनाचा विषय निघाला की मला आठवतात ते मकबूल फिदा हुसेन. कारण हा माणूस घडलाच मुळी भिंतीएवढ्या चित्रांतून.

हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. घर सुलेमानी बोहऱ्यांचं. ते अगदी तान्हे असताना आई गेली. तिचा चेहरा त्यांना कधी आठवला नाही. त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी बायकांना चेहरा नसतो, त्याचं मूळ अनेकांनी इथेच शोधलं आहे. बालपण इंदूरला गेलं. तिथून मुंबईत आले आणि सिनेमाची होर्डिंग्ज रंगवू लागले. मजुरी चौरस फुटाला चार-सहा आणे. होर्डिंगवाल्याचं काम असं की छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट भिंतीएवढी वाढवायची. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे, रस्त्यापलीकडून पाहिलं की नटीचा गाल. हुसेन यांची ती ठाम, एका दमात ओढलेली रेघ मला या परातीवरच्या शिक्षणातून आलेली वाटते. प्रोजेक्टरवर व्हॅन गॉगच्या रंगाचा जाड थर हरवतो. हुसेन यांची रेघ मात्र कितीही मोठी केली तरी तुटत नाही.

सिनेमा त्यांना सुटला नाही. १९६७ मध्ये त्यांनी राजस्थानात केलेल्या ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’ या शब्दांविनाच्या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात ‘गोल्डन बेअर’ मिळालं. १९९१ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत ‘श्वेतांबरी’ लागलं: भिंतींवर चित्र नाही, पांढरं कापड सोडलेलं आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचा पसारा. पाहणाऱ्याने चित्राच्या आत चालावं अशी ती कल्पना. तेव्हा लोक हसले. आज त्यालाच ‘इमर्सिव्ह’ म्हणतात आणि तिकीट लावतात.

मग हुसेन यांचं असं प्रदर्शन कुठे झालं? २०२४ मध्ये व्हेनिसला, मिठाच्या जुन्या गोदामांत. दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाने ते भरवलं. मूळ चित्रं होती आणि जोडीला भिंतभर उजेडाचं दालनही. दोहामध्ये तर त्यांच्याच कल्पनेतून उभी राहिलेली ‘सीरू फिल अर्द’ ही कलाकृती २०१९ पासून आहे. नाव कुरआनातल्या शब्दांवरून, अर्थ ‘पृथ्वीवर फिरा’. त्यात काचेचे घोडे आहेत, जुन्या मोटारी आहेत, आणि नवव्या शतकात उडू पाहणारा अंदलुसियाचा अब्बास इब्न फिरनासही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारीच त्यांचं संग्रहालय उघडलं, ‘लौह व कलम’, म्हणजे पाटी आणि लेखणी. इमारत त्यांच्याच रेखाटनावरून बांधलेली.

व्हेनिस आणि दोहाच का, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सत्तरच्या दशकातली रेखाटनं १९९६ मध्ये एका हिंदी मासिकाने छापली आणि वादळ उठलं. अहमदाबादला चित्रं जाळली गेली, १९९८ मध्ये मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये खटले रद्द केले, पण ते परतले नाहीत. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, ९ जून २०११ ला लंडनमध्ये गेले.

ही यादी आपण मुस्लीम मंडळी पाठ म्हणतो, आणि त्यातलं एक कलम गाळतो. २००४ मध्ये त्यांच्या ‘मीनाक्षी’ चित्रपटातल्या कव्वालीत कुरआनातले शब्द आहेत म्हणून आक्षेप घेणारे आपलेच होते. हुसेन यांनी चित्रपट थिएटरांतून काढून घेतला. त्या वेळी त्यांच्या बाजूने उर्दू किंवा मराठीत किती लेखण्या चालल्या?

आता त्यांच्या चित्रांना किंमत आहे. ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ चं, जवळपास चौदा फुटी चित्र ऑस्लोच्या एका इस्पितळाकडे कित्येक वर्षं होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ते सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत त्यांच्या २५ चित्रांचा लिलाव झाला, तोही पोलीस बंदोबस्तात. व्हॅन गॉगच्या भिंतींना असा पहारा लागला नव्हता. अंधेरी-घाटकोपरच्या मॉलमध्ये दालनंही आहेत आणि प्रोजेक्टरही भाड्याने मिळतात. आयोजकाला चिंता असणार ती दाराबाहेरच्या गर्दीची.

मुंबईतच भिंतीएवढे हुसेन पाहायचे असतील तर कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘भारत भाग्य विधाता’ हे भित्तिचित्र आहे, ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच, साठच्या दशकातलं. मात्र संस्था फाटकाच्या आत आहे, सहज म्हणून जाता येत नाही. एखाद्या विज्ञान व्याख्यानाच्या निमित्ताने आत गेलात तर व्याख्यान सुरू व्हायच्या थोडं आधी पोहोचा.