शंभर येनमध्ये तीन गाणी

फोनवर 'पियानो टाइल्स' तुम्ही खेळला असाल. नसाल, तर लोकलमध्ये किंवा वर्गातल्या मागच्या बाकावर कुणाला तरी खेळताना नक्की पाहिलं असेल. काळ्या पट्ट्या वरून खाली येतात, त्या क्रमाने दाबायच्या, की पियानोचे सूर वाजत जातात. एक चुकली की खेळ खलास. २०१४ साली या खेळाने जगभर धुमाकूळ घातला. पण वरून पट्ट्या पडणार आणि आपण त्या खाली पकडणार, ही कल्पना त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि ती फोनसाठी जन्मलेलीच नाही. ती गाजली जपानमधल्या गेम सेंटरमध्ये, माणसाएवढ्या उंच मशीनवर. त्यात शंभर येनचं नाणं टाकावं लागायचं.

मी टोकियोत निशिकासाई भागात राहते. भारतीय आयटीवाल्यांची इथे इतकी गर्दी आहे की या भागाला 'लिटल इंडिया' म्हणतात. दिवसभर ऑफिसात कोड लिहायचा आणि परतताना स्टेशनजवळच्या 'गेसेन'मध्ये, म्हणजे गेम सेंटरमध्ये, अर्धा तास घालवायचा, हा माझा दोन वर्षांचा नेम आहे. हळूहळू या मशीनच्या इतिहासाचंही वेड लागलं. तो इतिहास मला नवशिक्याच्या जागेवरून सांगायचा आहे. कारण हे खेळ बनवणाऱ्यांना गेली पंचवीसेक वर्षं एकच प्रश्न छळतोय : ज्याला काहीच येत नाही, त्याचं काय करायचं?

पाच बटणं आणि एक तबकडी

डिसेंबर १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर 'पॅरप्पा द रॅपर' आला. मासाया मात्सुउरा या संगीतकाराच्या या खेळात कागदासारखा चपटा कुत्रा रॅप शिकतो, आणि आपण ठेक्यावर बटणं दाबून त्याला साथ करतो. हा खेळ घरातला होता. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९७ मध्ये, कोनामी कंपनीने गेम सेंटरसाठी 'बीटमेनिया' आणला. तीन पांढरी आणि दोन काळी अशी पाच बटणं, शेजारी डीजेकडे असते तशी फिरवायची तबकडी. स्क्रीनवर पट्ट्या पडतात. खालच्या रेषेला पट्टी टेकली की त्या रांगेचं बटण दाबायचं.

यातली खरी गंमत कानांनी कळते. आपण दाबलेल्या बटणातून गाण्यातला एक खराखुरा आवाज निघतो. बटण दाबलंच नाही, तर तो आवाज गाण्यातून गायब होतो. उशिरा दाबलं, तर उशिरा वाजतो. म्हणजे गाण्याचा एक तुकडा मशीन आपल्या हाती सोपवतं, आणि तो आपण वाजवला नाही तर गाणं अपुरं राहतं. बीटमेनिया इतका चालला की कोनामीने संगीताचे खेळ बनवणाऱ्या आपल्या विभागाचं नावच त्यावरून 'बेमानी' करून टाकलं.

नाण्याचं गणित

गेम सेंटरचा धंदा समजून घ्यायचा तर एक नाणं किती मिनिटं पुरतं, हे बघायचं. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'पासून हिशेब साधा होता : खेळणारा जितक्या लवकर मरेल, तितक्या लवकर पुढचं नाणं पडेल. पट्टीचा खेळाडू एका नाण्यावर तासभर मशीन अडवून बसला तर मालकाचं नुकसान. नवशिका अर्ध्या मिनिटात बाद झाला तर फायदा. १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' आला आणि मारामारीच्या खेळांची लाट उसळली. आता नवशिक्याला बाद करायचं काम मशीनऐवजी समोर बसलेला माणूस करू लागला. नाणं टाका, मार खा, उठा.

संगीताच्या खेळाने हे गणित फिरवलं. गाणं दोन मिनिटांचं असेल तर ते दोनच मिनिटं चालतं. उस्ताद असो वा नवखा, तीन गाणी झाली की दोघांचीही वेळ संपते. उस्तादाला मशीन अडवता येत नाही आणि नवशिक्याला हरवायला समोर कुणी नसतं. सुरुवातीच्या मशीनवर फार चुकलं तर गाणं मध्येच बंद पडायचं, हे खरं. तरीही नवशिक्याला लवकर हाकलण्यात मालकाचा पूर्वीइतका स्वार्थ उरला नव्हता.

या काळात गेम सेंटरची वस्तीही बदलत होती. १९८५ पासून जपानमध्ये ही दुकानं मनोरंजन-धंद्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली आली होती. रात्री उशिरा बंद करायची सक्ती, मुलांना संध्याकाळनंतर मज्जाव. अंधारी, सिगारेटच्या धुराने भरलेली, मुलग्यांची जागा, अशीच त्यांची प्रतिमा होती. १९९५ मध्ये फोटोचे स्टिकर छापून देणारं 'पुरिकुरा' मशीन आलं आणि शाळकरी मुली तिथे रांगा लावू लागल्या. संगीताचे खेळ आले, तेव्हा दार आधीच थोडं उघडलेलं होतं.

पाठीमागची गर्दी

१९९८ मध्ये कोनामीने 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आणलं. चार बाणांचा चौथरा, स्क्रीनवर खालून वर सरकणारे बाण, आणि हातांऐवजी पाय. आपल्याकडच्या मॉलमध्ये बाणांवर नाचायची जी मशीन दिसतात, ती याच कुळातली. दक्षिण कोरियाच्या अँडामिरो कंपनीने १९९९ मध्ये पाच पाट्यांचं 'पंप इट अप' काढलं, त्यात बाण तिरपे आणि एक पाटी मधोमध.

चौथऱ्यावर उभं राहिलं की पाठ गर्दीकडे होते. भजनात नवखा टाळकरी मागे बसतो, पुढच्याचे हात बघून ठेका धरतो, आणि चुकला तरी दहा टाळांच्या आवाजात त्याची चूक विरून जाते. नाचाच्या मशीनवर सगळं उलटं. नवखा पुढे, जाणकार मागे, आणि प्रत्येक चूक स्क्रीनवर ठळक अक्षरांत. भारतातल्या मॉलमध्ये या मशीनसमोर लोक घोळका करून बघतात, पण चढायला कचरतात, त्याचं कारण मला हेच वाटतं. आणि शिकण्याची जागाही हीच गर्दी असते. या मशीनला गुरू नाही. पुढचा काय करतो ते बघायचं आणि आपली पाळी आली की करून पाहायचं.

हा खेळ अमेरिकेत पोचला आणि घराघरांत शिरला. २००६ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांचा लठ्ठपणा कमी करण्यासाठी तो आपल्या सगळ्या ७६५ सरकारी शाळांत न्यायचं जाहीर केलं. घरी नाचायच्या चटया बनवणाऱ्या रेडऑक्टेन या कंपनीने पुढे हार्मोनिक्सला हाताशी धरलं आणि २००५ मध्ये 'गिटार हीरो' काढला. गिटारच्या आकाराच्या कंट्रोलरवर रंगीत बटणं दाबायची ही कल्पना कोनामीच्या 'गिटारफ्रीक्स'ने १९९९ मध्येच गेम सेंटरमध्ये आणली होती. अमेरिकेत 'इन द ग्रूव्ह' हा नाचाचाच खेळ निघाला, तेव्हा कोनामीने २००५ मध्ये त्याच्या निर्मात्यांना कोर्टात खेचलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या खेळाचे हक्कच कोनामीकडे गेले.

सोपा खेळ अवघड कसा होतो

आता 'पॉप'न म्युझिक'ची गोष्ट. बीटमेनिया नवख्यांना भीतीदायक वाटू नये म्हणून कोनामीने १९९८ मध्ये हा खेळ आणला. नऊ मोठी, गुबगुबीत, रंगीत बटणं आणि गोंडस कार्टून पात्रं. दोन-तीन जणांनी मिळून बटणं वाटून घ्या आणि खेळा, असा सगळा थाट. आज याच खेळात अवघडपणाची पातळी १ ते ५० अशी आहे, आणि वरच्या पातळ्यांवर तो या घराण्यातल्या सगळ्यात कठीण खेळांत गणला जातो. नऊ बटणं, दोन हात. पन्नासाव्या पातळीवर माणूस खेळताना पाहिला की बोटं मोजायची सोय राहत नाही.

हे कुणी ठरवून केलेलं नाही. जो रोज येतो तो सरावतो, सरावला की त्याला अवघड गाणी हवीत, आणि रोज नाणी टाकणारा तोच असल्यामुळे कंपनी त्याचं ऐकते. दर आवृत्तीला वरची पायरी आणखी वर जाते. मी सॉफ्टवेअरमध्ये हेच बघते. जुने वापरणारे नवी सोय मागतात आणि नव्याला पहिल्या स्क्रीनवरच घाम फुटतो.

माझा मुख्य खेळ १९९९ चा 'बीटमेनिया टू-डीएक्स'. सात बटणं आणि तबकडी. यात 'दान' असतात, ज्युदो-कराटेसारखे. आधी 'क्यू'च्या पायऱ्या, मग पहिला दान, दुसरा दान, असं दहापर्यंत आणि त्याच्याही वर. प्रत्येक परीक्षेत सलग चार गाणी, आणि एका गाण्यात गमावलेला दम पुढच्या गाण्यात आपोआप भरून मिळत नाही.

पहिल्या आठवड्यात मी पट्ट्यांचा वेग कमी ठेवून खेळत होते. रांगेतल्या एका कॉलेजकुमाराने खाणाखुणांनी विचारलं, वेग वाढवू का? मी मान डोलावली. त्याने वेग जवळजवळ दुप्पट केला आणि गाणं एकदम वाचता यायला लागलं! त्यामागे साधं गणित आहे. गाण्याची लय तीच राहते. मिनिटाला १५० ठोके असतील तर दोन ठोक्यांत ४०० मिलिसेकंद, आणि त्याच्या चौथ्या भागाला १००. वेग वाढवला की तेवढ्याच वेळेत पट्टी जास्त अंतर कापते, म्हणून दोन पट्ट्यांमधली जागा वाढते. हळू वेगात त्या एकमेकींना चिकटतात आणि भिंत दिसते. हे मशीनवर कुठेही ठळक लिहिलेलं नाही. ते माणसाकडून माणसाकडे जातं.

अचूकपणाचा हिशेबही असाच बारीक. स्क्रीन सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं. सर्वोत्तम शेरा मिळवायला ठोक्याच्या साधारण तेवढंच अलीकडे-पलीकडे बटण दाबावं लागतं. डोळ्यांनी पाहून, विचार करून हात हलवायला माणसाला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. म्हणजे पाहून दाबलं तर उशीरच होणार. हात आधीच निघालेला असावा लागतो. तबला शिकणारा सम येण्याची वाट बघत थांबत नाही, ती कुठे येणार हे त्याच्या अंगात असतं. तसंच हे.

गोल मशीन आणि दहा टक्के

नवशिक्याच्या प्रश्नाचं मला आवडलेलं उत्तर सेगाने २०१२ मध्ये दिलं. 'माईमाई' हे मशीन समोरून थेट वॉशिंग मशीनसारखं दिसतं. गोल टचस्क्रीन आणि भोवती आठ बटणं. यात कितीही चुका, गाणं मध्ये तुटत नाही. शंभर येनमध्ये ठरलेली गाणी पुरती मिळतात. लोक सुती हातमोजे घालून खेळतात, कारण स्क्रीनवर बोट सरकवत न्यावं लागतं. मागे कुणी थांबलेलं असेल तर आपली गाणी झाल्यावर रांगेच्या शेवटी जायचं. पट्टीचा खेळाडूही जातो. माझ्यापुढे दहावीतली मुलगी आणि मागे टाय लावलेले काका, असं कितीदा झालंय. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये माझं जपानी अडखळतं. इथल्या रांगेत हाताने 'तुम्ही आधी' एवढं सांगता आलं तरी भागतं.

पण हे सगळं ज्या नाण्यावर उभं आहे, तेच आता पुरत नाही. जपानमध्ये १९८९ साली ३ टक्के विक्रीकर आला, मग ५, ८ आणि २०१९ मध्ये १०. दुकानदार किंमत ११० करतो. मशीनच्या फटीत मात्र शंभराचं नाणंच जातं. त्यामुळे आज त्यातले सुमारे ९ येन करात जातात. शिवाय ऑनलाइन जोडलेल्या मशीनच्या कमाईतला वाटा बनवणाऱ्या कंपनीला द्यावा लागतो. १९८६ मध्ये जपानमध्ये २६ हजारांहून जास्त गेम सेंटर होती. २०१९ पर्यंत ती चार हजारांवर आली. मग कोविड आला. २०२० च्या अखेरीस सेगाने आपली गेम सेंटर चालवणाऱ्या कंपनीचे ८५.१ टक्के शेअर गेंडा या कंपनीला विकले, २०२२ मध्ये उरलेलेही, आणि पाट्यांवरचं सेगा हे नाव पुसून 'गीगो' आलं. जी दुकानं टिकली, त्यांत खेळणी उचलायच्या यंत्रांनी जागा व्यापली.

दुसरा धोका माझ्या धंद्याच्या ओळखीचा आहे. १९९७ चं बीटमेनिया वीज जोडली की सुरू होतं. आजचं मशीन सर्व्हरशी बोलतं. आपलं कार्ड टेकवलं की आपले गुण तिथून येतात. कोनामीचा 'म्युझेका' २०१५ मध्ये आला आणि २०१८ मध्ये त्याची ऑनलाइन सेवा थांबली. ज्यांनी त्यावर तीन वर्षं हात बसवला, त्यांचं कौशल्य कुठे वापरायचं? जुन्या सेवा बंद करायचं काम ऑफिसात माझ्याकडेही येतं. आता ते करताना 'हे अजून कोण वापरतंय' हा रकाना मी आधी बघते.

म्हणून नवशिका महत्त्वाचा. उस्ताद कितीही नाणी टाकोत, ते म्हातारे होणार, गावं बदलणार, लग्न करून दूर जाणार. वेग वाढवून देणारा तो मुलगा आता नोकरीला लागला असेल. त्याच्या जागी कुणी आलं नाही, तर पुढच्या नवख्याला पट्ट्यांची भिंतच दिसत राहील.

माझा तिसरा दान झालाय. चौथ्याचं शेवटचं गाणं अजून हाती लागत नाही. परवा माझ्यामागे बाकावर एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. तो पोरगा माझ्या हातांकडे टक लावून बघत होता. गाणी संपल्यावर मी बाजूला झाले. तो बटणांपर्यंत जेमतेम पोचत होता. त्याने सगळ्यात सोपं गाणं निवडलं. वेग कमीच होता. मी आजींकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि मी त्याला बटण दाखवलं.